ट्रायपॉस, गणितीय

ट्रायपॉस, गणितीय : इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाची गणित विषयातील ऑनर्स पदवीची परीक्षा व त्या परीक्षेसाठी नेमलेला अभ्यासक्रम. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात आकारास आलेली ही परीक्षा अनेक स्थित्यंतरांनंतर आजही चालू आहे. तीत पहिल्या वर्गात उत्तीर्ण होणाऱ्यास रँग्लर, दुसऱ्या वर्गातील विद्यार्थ्यास सीनिअर ऑप्टिमी व तिसऱ्या वर्गातील विद्यार्थ्यास ज्युनिअर ऑप्टिमी म्हणतात. १९०९ पर्यंत सर्व यशस्वी विद्यार्थ्यांची नावे गुणानुक्रमे जाहीर होत. या यादीत प्रथम येणारा तो सीनिअर रँग्लर व त्याच्या खालचा तो सेकंड रँग्लर. महाराष्ट्रात ‘रँग्लर’ हा शब्द रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या नावाशी इतका निगडित झाला आहे, की त्यामागे एक परीक्षापद्धती आहे याचे स्मरण अनेकदा राहत नाही.

ट्रायपॉस हे नाव तीन पायांच्या तिवईवरून आले. मध्ययुगीन परंपरेनुसार पदवी घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास लॅटिन भाषेत वाद करून आपले प्रमेय सिद्ध करावे लागे. ॲश वेन्सडे या ख्रिस्ती उपवासदिनी होणाऱ्या समारंभात एक जुना पदवीधर तिवईवर बसून नव्या उमेदवारांशी वाद घाली व त्यांची थट्टाही करी. त्याला ‘मिस्टर ट्रायपॉस’ म्हणत. पुढे वादाचे महत्त्व कमी झाले आणि त्याच्या जागी विनोदी लॅटिन पद्ये छापून वाटली जाऊ लागली. १७४७-४८ च्या सुमारास या पद्यांच्या कागदाच्या पाठीवर ऑनर्स मिळविणाऱ्यांची नावे छापण्याचा प्रघात पडला. अशा रीतीने तिवईचे नाव प्रथम माणसाला, मग पद्यांना, नंतर यादीला व शेवटी परीक्षेला मिळाले. रँग्लर या शब्दाचा मूळ अर्थही ‘हुज्जत घालणारा’ असाच आहे. गणिताशी त्याचा मूळचा काही संबंध नाही.

तोंडी वादाकडून लेखी परीक्षेकडे झालेला बदल हळूहळू झाला. १७३० मध्ये सिनेट हाउसची इमारत वापरात आली आणि तेथे उमेदवारांची एकत्रित परीक्षा घेणे सोयीचे झाले. प्रारंभी वादातील कामगिरीवरून उमेदवारांचे गट पाडीत व सिनेट हाउसमधील परीक्षेत केवळ गटातील क्रम ठरे. १७६३ साली विल्यम पेली व दुसरा एक उमेदवार यांच्यातील श्रेष्ठत्वाचा प्रश्न लेखी परीक्षेने सोडविण्यात आला व तेव्हापासून लेखणीला अग्रमान मिळत गेला. दोन माणसांच्या वादात कोण सरस हे ठरविताना परीक्षकाचे मत आड येते. लेखी उत्तरांना गुण देता येतात, गुणांची बेरीज करता येते आणि बेरजेवरून क्रम लावता येतो. गणिताची उत्तरे या पद्धतीला विशेष अनुकूल ठरली. केंब्रिजमध्ये गणित हाच ऑनर्सचा एकमेव विषय दीर्घकाळ राहिला याचे एक कारण आयझॅक न्यूटन (१६४२–१७२७) यांचा वारसा, तर दुसरे कारण ही मोजमापाची सोय होय. अभिजात भाषांचा ट्रायपॉस प्रथम १८२४ मध्ये घेण्यात आला. तोही सुरुवातीस गणितात ऑनर्स मिळविणाऱ्यांसाठीच खुला होता.

या परीक्षेचा हेतू गणिती निर्माण करणे हा मुळी नव्हताच. गणिताने बुद्धीला शिस्त लागते व पुढे मनुष्य धर्मोपदेशक, वकील, मंत्री वा प्रशासक झाला तरी ती शिस्त उपयोगी पडते, अशी तत्कालीन विद्वानांची धारणा होती. व्यवहारात मात्र यादीतील स्थानाला रोख किंमत होती. वरच्या क्रमांकाच्या रँग्लरांना महाविद्यालयांच्या फेलोशिप मिळत व त्यामुळे निर्वाहाची चिंता बराच काळ दूर होई. गरीब घरातील हुशार मुलाला वर येण्याचा हा एक राजमार्ग होता. यादीतील शेवटच्या विद्यार्थ्यास, म्हणजे ज्युनिअर ऑप्टिमींत तळाशी असणाऱ्यास, त्याचे मित्र पदवीदानाच्या वेळी सिनेट हाउसच्या सज्जातून एक मोठा लाकडी चमचा खाली सोडून देत. ‘लाकडी चमचा’ हा शब्दप्रयोग इंग्रजीत तळाच्या स्थानासाठी रूढ झाला तो येथूनच. त्याच्याही खाली ऑनर्स न मिळालेल्या विद्यार्थ्यांचा मोठा समुदाय असे. त्यांना ‘पोल मेन’ म्हणत.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास परीक्षेचे स्वरूप अतिशय कठोर झाले होते. १८५४ साली आठ दिवसांत १६ प्रश्नपत्रिका व २११ प्रश्न होते आणि एकूण वेळ ४४½ तास होता. म्हणजे सरासरीने एका प्रश्नास १३ मिनिटांहूनही कमी वेळ येई. परीक्षा भर जानेवारीत, इंग्लंडमधील कडाक्याच्या थंडीत होई. पहिल्या तीन दिवसांत कलनाचा वापर न करता सोडवावयाचे प्राथमिक प्रश्न असत. बहुतेक प्रश्नांचे दोन भाग असत. पहिल्यात एखादे प्रमेय जसेच्या तसे सिद्ध करावयाचे व दुसऱ्यात त्याच प्रमेयावर आधारलेले नवे उदाहरण सोडवावयाचे. केवळ पाठांतर करणारा पहिल्या भागावर अडखळत नसे, पण वरच्या जागा दुसऱ्या भागावर ठरत. गुण प्रसिद्ध केले जात नसत. तथापि १८६०–७० या दशकातील एका परीक्षेचे आकडे उपलब्ध आहेत. १७,००० पैकी सीनिअर रँग्लरला ७,६३४, सेकंड रँग्लरला ४,१२३, शेवटच्या रँग्लरला सु. १,५०० व लाकडी चमच्याच्या मानकऱ्यास २३७ गुण मिळाले होते. पहिल्या आलेल्यासही निम्म्याहून कमी प्रश्न सुटले, यावरून परीक्षेत ज्ञानाइतकीच गतीची कसोटी होती हे दिसून येते.

अशा परीक्षेची तयारी प्राध्यापकांच्या व्याख्यानांतून होणे शक्य नव्हते. ती खाजगी शिक्षक करून घेत. त्यांपैकी विल्यम हॉपकिन्स (१७९३–१८६६) यांना ‘सीनिअर रँग्लर घडविणारा’ असेच म्हणत. त्यांच्या शिष्यांत जॉर्ज स्टोक्स (सीनिअर रँग्लर, १८४१), आर्थर केली (१८४२), पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्धी पावलेले विल्यम टॉमसन (सेकंड रँग्लर, १८४५) आणि जेम्स क्लार्क मॅक्सवेल (सेकंड रँग्लर, १८५४) ही मंडळी होती. केल्व्हिन यांच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. आपण पहिले येणार अशी खात्री असल्याने त्यांनी सेकंड रँग्लर कोण झाला हे पाहण्यासाठी नोकराला पाठविले. नोकराने परत येऊन ‘आपणच, साहेब’ असे उत्तर दिले. १८५४ मध्ये मॅक्सवेल यांना मागे टाकून प्रथम आलेले एडवर्ड राउथ (१८३१–१९०७) हे हॉपकिन्स यांच्याहूनही यशस्वी शिक्षक ठरले. सु. तीन दशकांच्या काळात त्यांच्या हाताखालून पंचवीसहून अधिक सीनिअर रँग्लर बाहेर पडले. विद्यार्थ्यांचे लहान लहान वर्ग करावयाचे, आखलेल्या क्रमाने सर्व विषय शिकवावयाचे, दर आठवड्यास उदाहरणे सोडवून घ्यावयाची व ती तपासून कोण कोठे आहे हे विद्यार्थ्यांना कळू द्यावयाचे, ही त्यांची रीत होती. आज भारतातील स्पर्धापरीक्षांच्या शिकवणीवर्गांत जे दिसते त्याचे हे एक पूर्वरूप होय. फरक एवढाच, की राउथ स्वतः गतिशास्त्रातील एक मोठे संशोधक होते आणि त्यांनी शिकविलेले गणित विद्यार्थ्यांना परीक्षेनंतरही पुरले.

अभ्यासविषयांवर न्यूटन यांची छाया प्रदीर्घ काळ होती. यूक्लिड यांची भूमिती, शंकुच्छेद, स्थितिगणित, गतिगणित, द्रवस्थितिकी, प्रकाशकी, ज्योतिषशास्त्र व न्यूटन यांच्या *प्रिन्सिपिया* ग्रंथातील काही भाग यांवर भर असे. कलनातही न्यूटन यांचे अक्षरावर टिंब देण्याचे चिन्हांकनच वापरले जाई. यूरोप खंडातील गणिती लायप्निट्स यांच्या सोयीस्कर चिन्हांकनाच्या साहाय्याने फार पुढे गेले होते आणि केंब्रिजमधील पदवीधराला लाग्रांझ व लाप्लास यांचे ग्रंथ वाचणे कठीण जाई. चार्ल्स बॅबेज, जॉन हर्शेल व जॉर्ज पीकॉक या तरुणांनी १८१२ मध्ये ॲनॅलिटिकल सोसायटी स्थापन केली व लाक्र्वा यांच्या कलनावरील फ्रेंच ग्रंथाचे भाषांतर १८१६ मध्ये प्रसिद्ध केले. तरीही खरा बदल झाला तो पीकॉक १८१७ मध्ये परीक्षक झाले व त्यांनी प्रश्नपत्रिकेतच नवे चिन्हांकन वापरले तेव्हा. मंडळे व भाषांतरे यांनी जे पुरते साधले नाही ते प्रश्नपत्रिकेने साधले. परीक्षेत जे विचारले जाईल तेच शिकले जाईल, या नियमाचा हा अनुकूल पुरावा होता. त्याचे प्रतिकूल पुरावे पुढे बरेच मिळाले.

या शिक्षणाचे सर्वांत मोठे फळ म्हणजे ब्रिटिश गणितीय भौतिकी. स्टोक्स, केल्व्हिन, मॅक्सवेल, रॅली (सीनिअर रँग्लर, १८६५) व जे. जे. टॉमसन (सेकंड रँग्लर, १८८०) हे सर्व ट्रायपॉसच्या मुशीतून निघाले. नेपच्यून ग्रहाचे स्थान गणिताने वर्तविणारे जॉन कूच ॲडम्स १८४३ चे सीनिअर रँग्लर होते. ट्रायपॉसनंतर लगेच होणाऱ्या स्मिथ पारितोषिकाच्या परीक्षेत तर नवे संशोधनही प्रश्नरूपाने येई. आज स्टोक्स प्रमेय म्हणून ओळखले जाणारे प्रमेय १८५४ सालच्या या परीक्षेत स्टोक्स यांनी विचारले होते. त्या वर्षीचे पारितोषिक मॅक्सवेल व राउथ यांना विभागून मिळाले. मॅक्सवेल यांनी पुढे विद्युत् चुंबकीय सिद्धांतात हेच गणित वापरले.

शुद्ध गणिताची स्थिती मात्र वेगळी होती. कोशी, रीमान व व्हायरश्ट्रास यांनी विश्लेषणाचा पाया तर्कशुद्ध केला, जर्मन विद्यापीठांत चर्चासत्रांतून विद्यार्थी संशोधनाकडे वळविले जाऊ लागले. पण केंब्रिजमधील विद्यार्थी त्याच काळात ठराविक साच्याची अवघड उदाहरणे जलद सोडविण्यात गुंतला होता. केली व सिल्व्हेस्टर यांसारखे थोर शुद्ध गणिती निर्माण झाले, परंतु ते परीक्षेमुळे झाले असे म्हणणे कठीण आहे. क्रमांकावरून गणितीची पारख होते का, या प्रश्नाला १८३७ ची यादी चांगले उत्तर देते. त्या वर्षी सेकंड रँग्लर जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर (१८१४–९७) होते व चौथे होते जॉर्ज ग्रीन (१७९३–१८४१). नॉटिंगॅमजवळचे हे पवनचक्कीवाले चाळिशी ओलांडलेले विद्यार्थी होते. ज्या निबंधामुळे त्यांचे नाव गणितात अमर झाले तो त्यांनी केंब्रिजला येण्यापूर्वीच, १८२८ मध्ये प्रसिद्ध केला होता. या दोघांच्याही वर आलेल्या विल्यम ग्रिफिन यांचे नाव आज फक्त यादीतच आढळते.

यादीत स्थान मिळूनही सिल्व्हेस्टर यांना पदवी मिळाली नाही. ते ज्यू होते व पदवीसाठी इंग्लंडच्या चर्चच्या धर्मतत्त्वांना मान्यता देणारी स्वाक्षरी करणे त्यांना शक्य नव्हते. धर्मविषयक अटी १८७१ च्या कायद्याने दूर झाल्यानंतरच केंब्रिजने त्यांना पदवी दिली. स्त्रियांना याहूनही अधिक काळ थांबावे लागले. गर्टन महाविद्यालयातील शार्लट अँगस स्कॉट यांनी १८८० मध्ये परीक्षकांच्या अनुमतीने अनौपचारिक रीत्या परीक्षा दिली व आठव्या रँग्लरइतके गुण मिळविले. त्यांचे नाव अधिकृतपणे वाचले गेले नाही, परंतु आठव्या क्रमांकाच्या वेळी जमलेल्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या नावाचा घोष केला. पुढील वर्षी स्त्रियांना परीक्षेस बसण्याची रीतसर परवानगी मिळाली. त्यांची नावे वेगळ्या यादीत, पुरुषांच्या यादीतील कोणत्या स्थानाच्या तोडीची ती आहेत हे सांगून, वाचली जाऊ लागली. १८९० मध्ये न्यूनॅम महाविद्यालयातील फिलिपा फॉसेट यांचे स्थान ‘सीनिअर रँग्लरच्या वर’ असल्याचे जाहीर झाले. ब्रिटिश संसदेत हिंदुस्थानची बाजू सातत्याने मांडल्यामुळे ‘हिंदुस्थानचे सभासद’ म्हणून ओळखले गेलेले हेन्री फॉसेट हे त्यांचे वडील. तेही १८५६ चे सातवे रँग्लर होते. स्त्रियांच्या बुद्धीला उच्च गणित झेपत नाही हा युक्तिवाद त्या दिवसानंतर टिकण्यासारखा राहिला नाही. तथापि केंब्रिजने स्त्रियांना पदव्या देण्यास १९४८ साल उजाडले. फॉसेट त्याच वर्षी जूनमध्ये मरण पावल्या.

ट्रायपॉसमधील पहिले भारतीय रँग्लर आनंदमोहन बोस (१८७४) हे होत. ते पुढे राष्ट्रसभेचे अध्यक्षही झाले. भारतीयांच्या दृष्टीने सर्वांत गाजलेले वर्ष मात्र १८९९. रत्नागिरी जिल्ह्यातील मुर्डी या खेड्यात जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे (१८७६–१९६६) पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन, सरकारी शिष्यवृत्तीवर सेंट जॉन्स महाविद्यालयात दाखल झाले होते. त्यांचे आप्त महर्षी धोंडो केशव कर्वे हे त्या काळी फर्ग्युसनमध्ये गणित शिकवीत. त्या वर्षी जॉर्ज बर्टविसल व परांजपे हे दोघे समान गुणांनी सीनिअर रँग्लर ठरले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. भारतीय विद्यार्थी पाठांतरात हुशार पण स्वतंत्र बुद्धीत कमी, असे म्हणणाऱ्या राज्यकर्त्यांना त्यांच्याच सर्वांत कठीण परीक्षेत हे उत्तर मिळाले होते. त्यामुळे देशभर या वार्तेचे जे स्वागत झाले त्यात गणितापेक्षा राष्ट्रीय अभिमानाचा वाटा मोठा होता. परांजपे यांनी अधिक वेतनाच्या जागांचा मोह न धरता डेक्कन एज्युकेशन सोसायटीशी असलेला शब्द पाळला आणि १९०२ मध्ये फर्ग्युसनचे प्राचार्यपद स्वीकारले. १९०७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय गणित परिषदेच्या उभारणीतही त्यांचा हात होता व परिषदेचे ग्रंथालय प्रारंभी फर्ग्युसनमध्ये होते. मात्र संशोधन त्यांच्याकडून फारसे झाले नाही. शिक्षण, संस्थाकार्य व राजकारण यांतच त्यांचे आयुष्य गेले. तत्कालीन भारतातील परिस्थिती पाहता यात नवल नाही, आणि केंब्रिजच्या बहुसंख्य सीनिअर रँग्लरांची कथाही याहून वेगळी नव्हती.

ट्रायपॉसचा भारतातील गणितशिक्षणावरील परिणाम रँग्लरांच्या संख्येपेक्षा अधिक खोलवर होता. आयझॅक टॉडहंटर (सीनिअर रँग्लर, १८४८) यांची बीजगणित व भूमितीवरील आणि एस. एल. लोनी यांची त्रिकोणमितीवरील पाठ्यपुस्तके येथील शाळा-महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या चालली. श्रीनिवास रामानुजन (१८८७–१९२०) यांनी ज्या पुस्तकावरून स्वतःच्या बळावर गणिताचा अभ्यास केला ते जी. एस. कार यांचे पुस्तकही ट्रायपॉसच्या तयारीसाठी घेतलेल्या शिकवणीतून सिद्ध झाले होते. हजारो निष्कर्ष त्यात जवळजवळ सिद्धतांवाचून दिले होते. परीक्षार्थीला उजळणीसाठी तयार केलेले ते टिपण कुंभकोणममधील एका मुलाच्या हाती पडून भलत्याच कामी आले. रामानुजन १९१४ मध्ये केंब्रिजला गेले. पण त्यांनी ट्रायपॉस दिली नाही. १९१६ मध्ये त्यांना संशोधनाबद्दल पदवी देण्यात आली. मायदेशी दोन महाविद्यालयांत ते परीक्षा उत्तीर्ण होऊ शकले नव्हते.

रामानुजन यांना केंब्रिजला आणणारे गॉडफ्री हॅरल्ड हार्डी (१८७७–१९४७) हेच ट्रायपॉसच्या जुन्या पद्धतीचे सर्वांत कडवे विरोधक होते. ते स्वतः १८९८ चे चौथे रँग्लर. परीक्षेच्या तयारीला विटून त्यांनी गणित सोडून इतिहासाकडे वळण्याचा विचारही केला होता. लव्ह या प्राध्यापकांनी त्यांना झॉर्दां यांचा विश्लेषणावरील फ्रेंच ग्रंथ वाचावयास दिला व गणित म्हणजे काय हे तेव्हा प्रथमच कळले, असे ते सांगत. हार्डी व त्यांचे सहकारी यांच्या प्रयत्नांनी गुणानुक्रमाची पद्धत रद्द झाली. १९०९ ची यादी अखेरची ठरली. तीतील सीनिअर रँग्लर पर्सी जॉन डॅनिएल हे पुढे समाकलनाच्या उपपत्तीतील कार्याबद्दल प्रसिद्ध झाले, तर शेवटचा लाकडी चमचा सेंट जॉन्सच्या एका नौकापटूच्या वाट्यास आला. १९१० पासून प्रत्येक वर्गातील नावे वर्णानुक्रमे देण्यात येऊ लागली. हार्डी यांचे एवढ्याने समाधान झाले नाही. १९२६ मध्ये मॅथेमॅटिकल असोसिएशनपुढील अध्यक्षीय भाषणात त्यांनी परीक्षा सुधारण्याऐवजी तिचे महत्त्वच नष्ट करावे असे प्रतिपादन केले. त्यांच्या १९०८ मधील *अ कोर्स ऑफ प्युअर मॅथेमॅटिक्स* या पाठ्यपुस्तकाने मात्र भाषणांपेक्षा अधिक कार्य केले. इंग्रजी वाचणाऱ्या पदवी-विद्यार्थ्यास काटेकोर विश्लेषणाचा परिचय प्रथम या पुस्तकाने करून दिला.

सध्याचा पदवी अभ्यासक्रम तीन वर्षांचा असून पहिल्या वर्षाअखेर भाग १ अ, दुसऱ्या वर्षाअखेर भाग १ ब व तिसऱ्या वर्षाअखेर भाग २ ची परीक्षा होते. रँग्लर ही संज्ञा भाग २ मध्ये पहिला वर्ग मिळविणाऱ्यासच लावतात. भाग ३ हा पदव्युत्तर दर्जाचा असून जगभरातील विद्यार्थी त्यासाठी केंब्रिजला येतात. सीनिअर रँग्लर कोण हे अधिकृतपणे जाहीर होत नसले, तरी यादी वाचणाऱ्या परीक्षकाने त्या नावापाशी आपली टोपी किंचित उचलावयाची, अशी चाल पुढे पडली.

मराठीत ‘रँग्लर’ हा शब्द गुणानुक्रम रद्द झाल्यानंतरही पदवीप्रमाणे नावामागे लागत राहिला. फर्ग्युसनचे प्राचार्य व पुढे राजस्थान, दिल्ली आणि पुणे या विद्यापीठांचे कुलगुरू झालेले गणेश सखाराम महाजनी (१८९८–१९८४) हे ‘रँग्लर महाजनी’ म्हणूनच ओळखले जात. मूळचे कोल्हापूरचे विष्णू वासुदेव नारळीकर (१९०८–९१) हे १९३० च्या सुमारास रँग्लर झाले व १९३२ पासून बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी सापेक्षतावादाच्या अभ्यासाची परंपरा निर्माण केली. त्यांचे पुत्र जयंत विष्णू नारळीकर (१९३८–२०२५) बनारसची पदवी घेऊन केंब्रिजला गेले, १९५९ मध्ये रँग्लर झाले व १९६० मध्ये ज्योतिषशास्त्रातील टायसन पदकाचे मानकरी ठरले. त्यानंतर त्यांनी फ्रेड हॉइल यांच्या मार्गदर्शनाखाली विश्वरचनाशास्त्रात संशोधन सुरू केले. हॉइल हेही गणितीय ट्रायपॉसचेच विद्यार्थी होते.